नळाजवळचे बोय

सोमवारी सकाळी हायफाने आकड्यांचा कागद लमजदच्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. दहा वर्षं एकाच प्रयोगशाळेत काढल्यावर लमजदला एवढं कळलं होतं, की हायफा बडबडत आली तर काम नीट झालेलं असतं आणि गप्प आली तर कपाळाला हात लावायची वेळ आलेली असते.

"यंत्र पुन्हा बिघडलंय," कागद वाचून तो म्हणाला.

"तीनदा तपासलं."

"मग पिशव्यांची अदलाबदल झालीय."

"चिठ्ठ्या तुम्हीच लावल्यात, सर. अक्षर तुमचंच आहे. तसलं अक्षर दुसऱ्या कुणाला काढताही येणार नाही."

लमजदने चष्मा काढून डोळे चोळले. गाबेसच्या आखातावरच्या त्या गावात कारखान्याचा एक जाडजूड नळ समुद्रात उतरला होता आणि त्यातून रात्रंदिवस पिवळट पाणी वाहायचं. पाणी तपासून काही कळत नाही, ते आज इथे तर उद्या तिथे. मासा मात्र एकाच जागी खातो-पितो आणि पाण्यातलं सगळं विष कलेजीत साठवून ठेवतो. म्हणून लमजदने चार वर्षं दर महिन्याला नळाजवळचे सहा बोय मासे मागवले होते. ते फ्रीजरमध्ये साठत राहिले, कारण यंत्राचा एक भाग परदेशातून यायला साडेतीन वर्षं लागली. आता तो आला होता, सगळे मासे तपासून झाले होते आणि यंत्र म्हणत होतं, की नळाजवळचा बोय हा आखातातला सर्वांत निरोगी मासा आहे.

गुरुवारी राजधानीहून समिती येणार होती. आकडे वाईट आले तर नळावर फिल्टर बसणार होता, चांगले आले तर नळ आहे तसाच वाहणार होता. लमजदचे आधीचे दोन अहवाल "मासे पुरेसे नाहीत" म्हणून परत आले होते. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ज्या पाण्यात तो पोहायला शिकला, त्यात त्याची नात पाय बुडवायला तयार नव्हती आणि याचं त्याला मनापासून वाईट वाटत असे. फिल्टर बसलेला बघून घरी बसायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

"काकांना विचारून येतो," असं म्हणत तो उठला. मासे आणून देणारे शेदली काका बंदरावरच असत. खरं तर लमजदने एकदा तरी त्यांच्याबरोबर नळापर्यंत जायला हवं होतं. पण समुद्राच्या अभ्यासात तीस वर्षं घालवूनही त्याला होडी लागत असे.

बंदरावर वारा सुटला होता. लाल बावटा लागलेला होता आणि सगळ्या होड्या किनाऱ्याला बांधलेल्या होत्या. शेदली काका आडोशाला बसून जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी न विचारताच चहाचा पेला भरून पुढे केला.

"काका, खरं सांगा. तुम्ही मला देता ते मासे नळाजवळचेच ना?"

म्हाताऱ्याचा हात थांबला. "कोण म्हणतं असं? कुणी चहाडी केली माझी? डॉक्टर, चार वर्षांत एक जरी मासा तुम्हाला नळाजवळचा दिला असेल, तर हा हात झडून जाईल माझा!"

लमजद एका उलट्या पिंपावर बसला. "पण मी नळाजवळचेच मागितले होते."

"मागितले होते ना. कागद दाखवलात, शिक्का दाखवलात. बंदरावर सगळेच शिक्का दाखवून मासे नेतात. बंदराचा कप्तान नेतो, जकातवाला नेतो, आरोग्यवाला नेतो. एक म्हणतो जाळं मोजायचंय, दुसरा म्हणतो बर्फ बघायचाय. मला वाटलं, तुम्ही बिचारे लाजरे. चांगला मासा मागायला जीभ रेटत नाही, म्हणून घाणीतला मागताय." काकांनी पुन्हा सुई हातात घेतली. "माझी आई गेली तेव्हा तुम्ही तीन दिवस येऊन बसलात. अशा माणसाच्या ताटात मी नळाजवळचा बोय वाढू? बेटांपर्यंत जातो मी तुमच्यासाठी. चार तास जायला, चार तास यायला."

लमजदने चहाचा घोट घेतला. तीस वर्षांच्या नोकरीत कुणीही त्याच्यासाठी आठ तास समुद्रात घालवले नव्हते. नेमके ज्याने घालवले, त्याने त्याचं वाटोळं केलं होतं.

"आणि कप्तानाला कुठले देता?"

"त्याला? त्याला नळाजवळचे," काका सहज म्हणाले. "तिथला बोय आळशी झालाय, हाताने धरता येतो. मी तो विकत नाही, घरी नेत नाही. वर गेल्यावर जबाब द्यायचाय मला. पण साहेबलोकांना द्यायला काहीतरी हवंच ना? मरू दे ते. तुम्हाला कसे लागले माझे मासे? वहिनी तळतात की रस्सा करतात?"

खोटं बोलण्याइतकंही त्राण लमजदमध्ये उरलं नव्हतं. "कलेजी काढून, वाळवून, दळून आम्लात विरघळवली."

"आणि बाकीचा मासा?"

"जाळून टाकला."

शेदली काकांनी जाळं बाजूला ठेवलं. मग त्यांनी लमजदच्या हातातला अर्धा प्यालेला चहा काढून घेतला आणि वाळूत ओतून दिला.

वारा शुक्रवारपर्यंत पडणार नव्हता. म्हणजे गुरुवारच्या आत नळाजवळचे मासे एकाच ठिकाणी मिळण्यासारखे होते. संध्याकाळी लमजदने कप्तान मुन्सिफच्या घराची बेल वाजवली. कप्तान घरी नव्हता, त्याची बायको बेया होती.

"वहिनी, जरा संकोच वाटतो विचारायला. तुमच्या फ्रीजरमध्ये सहा बोय असतील का?"

बेयाने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. झिजलेला कोट, दोन दिवसांची दाढी. तिचे डोळे भरून आले. "एवढं शिकून ही वेळ यावी माणसावर! थांबा हं, भावजी."

तिने सहाच्या जागी चौदा बोय काढले. वर पातेलंभर रव्याचं कुसकुस दिलं आणि नको नको म्हणत असताना कप्तानाचा एक जुना स्वेटरही दिला. "मासे साफ करून घ्या बरं का," ती म्हणाली. "तो मेला शेदली आतडीसुद्धा काढून देत नाही. आणि मीही तशीच कोंबते. चार वर्षं तेच मासे खाऊन कंटाळा आलाय."

"कलेजी आत आहे?"

"सगळं आहे. तारखेच्या चिठ्ठ्यापण आहेत."

लमजदला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मोत्यासारखं होतं. इतकं नीटनेटकं काम त्याच्या प्रयोगशाळेत आजवर कुणी केलं नव्हतं.

हायफाने दोन दिवस खपून मासे तपासले. गुरुवारी ती समितीच्या खोलीत आली तेव्हा वाटेतल्या शिपायाशीसुद्धा बडबडत होती. कागदावरचे आकडे भयंकर होते.

समितीच्या अध्यक्षबाई राजधानीहून आल्या होत्या. एका बाजूला कारखान्याचे व्यवस्थापक आणि दुसऱ्या बाजूला स्थानिक सदस्य म्हणून स्वतः कप्तान मुन्सिफ बसला होता. पाणी उत्तम आहे, मासे उत्तम आहेत, असं भाषण तो नुकतंच करून बसला होता.

"डॉक्टर, तुमच्या चार वर्षांच्या माशांत काहीच सापडलेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि या चौदा माशांत मात्र कॅडमियम मर्यादेच्या तीसपट? हे चौदा आले कुठून?"

"नळाजवळून, बाई. शेदली काकांनी पकडलेले."

"ते आतापर्यंत होते कुठे?"

"फ्रीजरमध्ये."

"कुणाच्या?"

लमजद कागद चाळू लागला. कप्तानाचं नाव घ्यावं तर बेयावहिनीच्या कुसकुसला तो जागला नसता, आणि न घ्यावं तर तिसरा अहवालही केराच्या टोपलीत गेला असता. तो बिचारा कप्तानाकडे बघत उभा राहिला. कप्तान काल रात्रीच बायकोकडून ऐकून होता, की भुकेल्या डॉक्टरला चौदा बोय दिले. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला.

"तीसपट?" तो ओरडतच उठला. "तो नळ आजच्या आज बंद करा! चार वर्षं आमच्या घरात हेच शिजतंय! आठवड्यातून दोनदा!"

"पण डॉक्टरांचेच आधीचे आकडे—" व्यवस्थापक म्हणाले.

"खड्ड्यात गेले आकडे! तुम्हालाही गेल्या ईदेला पेटीभर पाठवले होते मी!"

व्यवस्थापकांनी तोंडाजवळ नेलेला पाण्याचा पेला खाली ठेवला. अध्यक्षबाईंनी पुढे काही विचारलं नाही. दहा मिनिटांत फिल्टर एकमताने मंजूर झाला.

पंधरा दिवसांनी लमजद पेढ्यासारखी ही गोड बातमी घेऊन बंदरावर गेला. शेदली काकांचा राग निवळला होता, पण बातमी ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे फिल्टर बसणार? नक्की?"

"नक्की. पाणी स्वच्छ होईल, काका. मासे स्वच्छ होतील."

काका त्याच्याजवळ सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "डॉक्टर, माशांत विष असल्याची बातमी फुटल्यापासून एक साहेब इकडे फिरकलेला नाही. कप्तान लांबून जातो. जकातवाला तर मासा दिसला की तोंड फिरवतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाटीत कुणी हात घालत नाही." त्यांनी लमजदचा हात धरला. "तो फिल्टर जरा सावकाश बसवता येणार नाही का? मासे स्वच्छ झाले, की सगळे पुन्हा येतील हो."

लमजद पिंपावर बसला. आयुष्यभर ज्याच्यासाठी खपला, ते मंजूर झालेलं होतं, आणि ते नको असलेला एकच माणूस त्याच्यासाठी आठ तास समुद्रात जाणारा होता.

"घाबरू नका, काका," तो शेवटी म्हणाला. "मंजुरी झालीय नुसती. यंत्र परदेशातून यायचंय."

"किती दिवस लागतील?"

"मी तरी नसेन तेव्हा नोकरीत."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच्यासाठी चहा ओतला.