कुळवेबंदरचा शंभर टक्के निकाल

ज्याच्याकडे पाणी कमी, त्याला पाण्याची अक्कलही कमी, हे तत्त्व सरकारदरबारी फार पूर्वीच मान्य झालेलं आहे. ज्याच्या घरी नळ धो धो वाहतो त्याला पाण्यातलं सगळं कळतं. तेव्हा शिकवायचं त्याने आणि शिकायचं दुसऱ्याने, ही कामाची वाटणी ओघानेच ठरते. याच तत्त्वावर १९८८ साली अंधेरीत ग्रामीण शाश्वत जलव्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. (उभं राहिलं म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने बसलं.) अंधेरीत ग्रामीण ते काय, असं काही नतद्रष्टांनी विचारलं. पण पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो, हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

‘शाश्वत’ हा शब्द तेव्हा नवाकोरा होता. केंद्राचे संचालक चंद्रप्रकाश सबनीस यांनी त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना फोड करून सांगितला. योजना संपते, अनुदान संपतं, प्रसंगी पाणीही संपतं. समिती मात्र उरते. ते शाश्वत.

केंद्रात एकच गोष्ट शाश्वत नव्हती, ती म्हणजे गुणाजी घाडीची नोकरी. गुणाजी मूळचा मालवणकडचा. सोळा वर्षं गिरणीत साचे चालवले, संपात गिरणी बसली, आणि सहा वर्षं इकडेतिकडे काढून तो इथे क्षेत्र-सहायक म्हणून चिकटला. चिकटला तोही एकोणनव्वद दिवसांसाठी. नव्वदाव्या दिवशी त्याला घरी बसवायचं आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी नवा हुकूम द्यायचा, म्हणजे माणूस कायम होत नाही, असा नियम होता. जोगेश्वरीच्या चाळीत त्याची बायको सुलक्षणा चारचौघींत त्याला ‘माझा एकोणनव्वद दिवसांचा नवरा’ म्हणायची. बाया हसायच्या, आणि गुणाजी चपला शोधत बाहेर पडायचा. त्यामुळे कुळवेबंदरची तुकडी यशस्वी झाली तर एक पद कायम होईल, असं सबनीससाहेब म्हणाले, तेव्हा त्याने मनातल्या मनात देवाला कोंबडा बोलून टाकला.

कुळवेबंदर कसं निवडलं गेलं, तेही सांगायला हवं. प्रशिक्षण प्रत्यक्ष गावात व्हावं, असं परिपत्रकात होतं. केंद्राचे चौदा तज्ज्ञ मुलुंड, घाटकोपर आणि पार्ल्याला राहात, आणि त्यांना संध्याकाळच्या चहाला घरी पोचायचं असे. मग गावाची व्याख्या करण्यात आली : जिथे नळ पोचलेला नाही ते गाव. (या व्याख्येने मे महिन्यात निम्मी बोरीवली गावात मोडली असती, पण सोसायट्यांचे सेक्रेटरी भांडखोर निघाले.) अखेर बोरीवलीच्या पश्चिमेला, खाडी ओलांडून होडीने दहा मिनिटांवर, बासष्ट घरांचा हा कोळीवाडा सापडला. नळ नाही, एकच विहीर, आणि परतीची शेवटची होडी सहाला. इतकं आदर्श गाव अख्ख्या महाराष्ट्रात दुसरं नसेल.

या विहिरीला तिथे बाव म्हणतात. गुणाजीच्या गावीही बावच म्हणतात, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला बरं वाटलं. बाव खाडीपासून हाकेच्या अंतरावर होती, आणि तरी पाणी गोडं. त्याला कारण सोनूबाई. सत्तरीला टेकलेली ही कोळीण रोज उजाडताच पहिला पोहरा काढी, चूळभर पाणी जिभेवर घोळवी आणि एक आकडा सांगे. ‘आज चार.’ की घरटी चार हंडे. कधी पाच, पाडव्यानंतर तीन. आकड्यावर अपील नव्हतं. दुपारी बारा वाजता ती दोर सोडून, गुंडाळून घरी नेई आणि ओट्यावरच्या खुंटीला टांगी. मग बाव निजली, असं म्हणत, आणि निजलेल्या बावेला कोणी उठवत नसे. लग्नघर असलं तर बाकीची घरं एकेक हंडा कमी नेत. सोनूबाईच्या आधी हा दोर तिच्या सासूकडे होता. रजिस्टर नाही, इतिवृत्त नाही, अध्यक्ष नाही. अर्थातच, व्यवस्थापन अजिबात नाही, अशी नोंद सबनीससाहेबांनी होडीतून उतरल्याउतरल्या केली.

प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी पूर्वचाचणी, म्हणजे प्रशिक्षणार्थींना काय येत नाही ते मोजायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची उत्तरं गुणाजीने लिहून घ्यायची होती. चौथा प्रश्न असा होता : ‘किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी खारे कशाने होते?’

सोनूबाईने त्याच्याकडे दयेने पाहिलं. “आमचं होत नाय,” ती म्हणाली. “आमी होऊ देत नाय.”

गुणाजीने ते जसंच्या तसं लिहिलं. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात ‘अतिउपशाने’ असं उत्तर होतं, सबब शून्य गुण. बाकीच्या प्रश्नांत तर तिने समितीचा गणपूर्ती-आकडाही सांगितला नाही. एकंदर तीस जणांची सरासरी अकरा टक्के आली. सबनीससाहेब खूश झाले. जिथे अंधार जास्त तिथे दिवा उठून दिसतो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक आलं. प्रात्यक्षिक म्हणजे डिझेलचा पंप, काळी टाकी आणि चार चकचकीत तोट्या. सोनूबाईचा दोर अनारोग्यकारक ठरवून तो ‘पारंपरिक चुका’ या सदराखाली टेबलावर मांडण्यात आला. उपसा-चाचणी रोज आठ तास, सलग, असं पुस्तकात होतं, आणि पुस्तक राजस्थानच्या विहिरींवर लिहिलेलं असलं तरी छापलेलं होतं. पंप सुरू झाला. तोट्यांतून पाणी उसळलं, पोरंटोरं नाचली, चौदा तज्ज्ञांनी हातपाय धुतले. उरलेलं पाणी वाळूत सोडून देण्यात आलं. (पाणी वाया घालवू नये, हा धडा तिसऱ्या दिवशी होता.)

बारा वाजले, एक वाजला. पंप चालूच. गुणाजीच्या मावशीच्या गावी अशीच खाडीकाठची बाव होती. एका बागायतवाल्याने तिला पंप लावला, आणि एकाच उन्हाळ्यात खाडी आत शिरली. पुढे पोफळी मेल्या, आणि मावशीने आयुष्यभर मैलभरावरून पाणी आणलं. हे सगळं त्याला लख्ख ठाऊक होतं. चौदा तज्ज्ञांना मिळूनही ते ठाऊक नव्हतं.

सोनूबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. “बाव आज निजली नाय,” ती म्हणाली. “तू बाववाल्यांतला हायस. तुला ठावं हाय. तुझ्या सायबाला सांग.”

गुणाजीने सांगितलं, नाही असं नाही. साहेब, दुपारी थोडा वेळ बंद ठेवला तर, असं तो दोनदा म्हणाला. सबनीससाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्दा लेखी मागितला. नमुना क्रमांक सातमध्ये सूचनांसाठी दोन ओळी असतात. शिवाय तुमच्या कायमच्या प्रस्तावाला हाच नमुना जोडायचाय, घाडी, विचार करून लिहा, असं ते मायेने म्हणाले. गुणाजी पेन घेऊन पाऊण तास बसला. त्याला सुलक्षणा आठवली, चाळीतल्या बाया आठवल्या, नव्वदावा दिवस आठवला. मग त्याने लिहिलं : ‘चहाची व्यवस्था उत्तम आहे.’

चौथ्या दिवशी चहा फाटला. दूधवाल्याला झापण्यात आलं आणि दूध बदललं. तोही चहा फाटला. तिसरं दूध बोरीवलीहून खास होडीने आलं आणि त्याचीही तीच गत झाली. बोरीवली परिसरात दुधाचा दर्जा घसरल्याची गंभीर नोंद अहवालात झाली. गुणाजीने चहासाठी काढलेल्या बावेच्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पाचव्या दिवशी उजाडता सोनूबाईने टेबलावरचा दोर न विचारता उचलला आणि पोहरा सोडला. बासष्ट घरच्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. तिने चूळ भरली, घोळवली आणि थुंकली. मग पुन्हा भरली. बाया आकड्याची वाट पाहात राहिल्या. आकडा काही आला नाही. तिने दोर गुंडाळला आणि कोणाकडे न बघता घरी गेली.

अकरा वाजता उत्तरचाचणी झाली. चौथा प्रश्न तोच होता. गुणाजीने मान खाली घालून विचारला.

“तुमी पंप लावल्यानं,” सोनूबाई म्हणाली. “लिव.”

अतिउपसा हा शब्द नसला तरी आशय बरोबर आहे, असा उदार शेरा मारून सबनीससाहेबांनी पूर्ण गुण दिले. त्या प्रश्नाचं उत्तर तिसांपैकी तिसांना आलं. चार दिवसांपूर्वी ज्या गावात पाणी खारं कशाने होतं हे एकालाही सांगता येत नव्हतं, त्या गावात आता शेंबड्या पोरालाही ते कळत होतं. निकाल शंभर टक्के लागला. असा निकाल पुस्तक लिहिणाऱ्याच्या राजस्थानातही लागला नव्हता.

यशामागून यश आलं. गोड्या पाण्याचा एकही स्रोत नसल्याने कुळवेबंदर टंचाईग्रस्त यादीत पहिलं आलं, आणि आठवड्यातून दोनदा बार्जवरून टँकर सुरू झाला. अकरा जणांची समिती झाली. ती आजही आहे. आणि गुणाजी कायम झाला. सुलक्षणाने चाळीत पेढे वाटले. वर्षभरात त्यांनी बोरीवलीला खोली घेतली, नळवाली.

प्रमाणपत्रं वाटायला त्यालाच पाठवलं. सोनूबाईने आपलं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि ओट्यावरच्या खुंटीला, जिथे दोर असायचा तिथे, टांगलं. तेवढ्यात टँकर आला. तिने सवयीने ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं.

“गोडं हाय,” ती म्हणाली. “कुनाच्या गावचं?”

मुंबईचं, असं गुणाजी म्हणणार होता. पण तिच्यासमोर त्याच्याने खोटं बोलवेना. घाटाच्या पायथ्याला तलाव आहे, तिकडून नळाने येतं, असं त्याने सांगितलं.

“तितल्या बायांना पुरतं?”

पुढच्या सोमवारी गुणाजी त्याच तलावाकाठच्या गावांत निघाला होता. तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दीड कोस चालतात आणि तरीही पाणी जपून वापरत नाहीत, अशी मुंबईतून तक्रार आली होती. त्यांच्यासाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण ठरलं होतं, पंपासकट.

वाचकांपैकी कोणाला या अभ्यासक्रमाला बसायचं असेल, तर आधी एकदा न्हाणीघरात डोकवावं. ही गोष्ट वाचायला घेताना लावलेली बादली एव्हाना भरून वाहात असेल, तर नाव नोंदवायचे कष्ट घेऊ नयेत. आपली निवड तज्ज्ञ म्हणून झालेली आहे.