पवनचक्कीची सुट्टी

या वेळी फोटो चांगलाच येणार, असं मी बायकोला, वसुमतीला ठणकावून सांगितलं आणि लगेच मलाच शंका आली. छायाचित्रणावरची दोन पुस्तकं मी वाचली होती. मोबाईल मात्र फोन उचलण्यापुरताच वापरत होतो.

गरज तिची होती. तिचा एकटीचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. "मी गेल्यावर तो भिंतीवर लावू नका," ती म्हणायची. "हार घातला तरी चोरासारखी दिसेन."

म्हणून दसऱ्याआधीच्या पूजेच्या सुट्टीत आम्ही तंजावूरहून बसनं समुद्रावर गेलो. तिथल्या लॉजसमोर लाल, पिवळ्या, निळ्या पात्यांची पवनचक्की आहे. वसुमती रेशमी साडी नेसून तिच्यापुढं उभी राहिली. पाती हलेनात. त्यांना दोरी बांधली होती, वर गंध-कुंकू.

"आज आयुधपूजा, सार," राखणदार नटराज म्हणाला. "यंत्राला विश्रांती. उद्या सकाळी सोडणार."

त्या दिवशी मी घरी पुस्तकंसुद्धा मिटून देवापुढं ठेवतो. तरी तोंडातून गेलंच, "ही तर शोभेची चक्की."

नटराजचा चेहरा उतरला. "हिला मी रोज तेल घालतो, सार."

"माफी मागा," वसुमती पुटपुटली.

मागितली. पण ती कमी पडली असं वाटून मी पुढं म्हणालो, "माझा मोबाईलही पूजेला ठेवा."

नटराज इतका खूश झाला की शब्द मागं घेता येईना. मोबाईल पाने-पकडी, तेलाचा डबा आणि लॉजच्या स्कूटरशेजारी जाऊन बसला. मुलाचा फोन आला, तो तिथंच वाजत राहिला. उचलायला कुणी धजेना.

"अहो, पाती थांबली होती, मी तर उभी होते ना?" वसुमती म्हणाली. "तसाच काढायचा होता. आता तुमचा मोबाईलही सुट्टीवर."

सकाळी दोरी सुटली, मोबाईलही परत मिळाला. पाती गरगरली. परतीची बस हॉर्न वाजवत होती. उन्हात पडद्यावर काही दिसेना. मी अंदाजानं बटण दाबत राहिलो आणि बसमध्ये बसताच सगळे फोटो बंगळूरच्या नातीला, अखिलाला पाठवले.

लगेच उत्तर आलं. "सूर्यास्त सुपर, आजोबा. आजी कुठाय?"

मी मोबाईल उलटा केला. नटराजनं मागच्या भिंगावर मन लावून गंध-कुंकू लावलं होतं. मी पुसला होता फक्त पडदा.

वसुमतीनं एकेक फोटो शांतपणे पाहिला.

"म्हणजे आता मला मरताही येत नाही," ती म्हणाली.