नव्या ड्राइव्हचं झबलं

"या घरात एक वस्तू उघडी सापडेल तर शपथ," टेबलाखालून पुटपुट ऐकू आली.

टेबलाखाली नवरा होता. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, स्क्रू ड्रायव्हरला फुलाफुलांची खोळ होती, खोळीला नाडी होती आणि नाडीला निरगाठ बसली होती. ती तो दातांनी सोडवत होता.

"काय म्हणालास रे?" स्वयंपाकघरातून त्याच्या आईने विचारलं.

"काही नाही. नाडी छान घट्ट बसलीय म्हटलं."

घरात त्याला 'इंजिनीअर' म्हणत. होता तो विमा कचेरीत कारकून, पण एकदा त्याने बिघडलेला मिक्सर उघडला होता आणि परत जोडल्यावर तो चक्क चालला होता. तेव्हापासून ही पदवी चिकटली. मिक्सर आपोआप चालू झाला असावा अशी बायकोला शंका होती, पण संसारात काही शंका मनातच ठेवायच्या असतात.

आदल्या दिवशी कॉम्प्युटरच्या जुन्या ड्राइव्हने घरघर करून प्राण सोडला होता. बायकोचं म्हणणं, दुकानात नेऊ. इंजिनीअरचं म्हणणं, "दुकानात चार दिवस ठेवून घेतात. नवीन ड्राइव्ह बसवायची, पेन ड्राइव्हवरून सिस्टीम टाकायची, झालं. जेवायच्या आत कॉम्प्युटर तुझ्या हातात."

बायकोला तो चार वाजता हवा होता. कुठल्याही शिक्षकाशिवाय, भाजी शिजेपर्यंतच्या फटीत, ती कॉम्प्युटरवर कापडाची डिझाइनं काढायला शिकली होती. वेली, ठिपके, एकमेकांत अडकलेली पानं. पडद्याचं कापड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या बाई आज चार वाजता तिच्याशी व्हिडिओवर बोलणार होत्या. "माझ्यासमोर रंग बदलून दाखवा," असं त्यांनी सांगितलं होतं. पसंत पडलं तर कायमचं काम. तसं तिने घरात कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, पण मागे कुठली भिंत दिसली तर बरी, हे बघायला ती सकाळपासून तीन वेळा खुर्ची फिरवून बसली होती. डिझाइनं आणि ती काढायचा प्रोग्रॅम तिने दुसऱ्या पेन ड्राइव्हवर जपून ठेवला होता. त्या पेन ड्राइव्हलाही खोळ होती.

आता या खोळींचं सांगायला हवं. सासूबाई शिवायच्या. टीव्हीच्या रिमोटला खोळ, फ्रिजच्या मुठीला खोळ, चष्म्याच्या डबीला खोळ, मोजायच्या टेपलासुद्धा खोळ. घरातल्या सगळ्या वस्तू कुठेतरी प्रवासाला निघाल्यासारख्या बांधून तयार असायच्या. सून नवऱ्याशी कुजबुजताना त्यांना 'झबली' म्हणायची. पण तोंडावर कुणी काही बोलत नसे. एकदा इंजिनीअरने रिमोटची खोळ काढून फेकली होती. त्या दिवशी सासूबाई दिवसभर खिडकीपाशी गप्प बसून होत्या. शेवटी संध्याकाळी दोघांनी मिळून ती खोळ शोधली आणि गुपचूप परत चढवून ठेवली. त्यानंतर विषय संपला.

आणि आज तर घरात नवी, नाजूक वस्तू आली होती.

"नाजूक म्हणालास ना?" असं म्हणत सासूबाईंनी सकाळीच शिलाई मशीन उघडलं होतं. जुन्या रजईचे तुकडे, आत कापूस, वर जाड कापड. सीपीयूला ही खोळ अशी बसली की टाचणी जायला जागा नाही. बटणापुरती एक खिडकी ठेवली होती, आणि खिडकीला झडप.

"वा," इंजिनीअर म्हणाला.

"सुंदर," सून म्हणाली.

सिस्टीम टाकायला सुरुवात झाली. पडद्यावर पट्टी सरकू लागली. दहा टक्के, वीस टक्के. इंजिनीअरने हाताची घडी घातली आणि विमान उडवल्याच्या थाटात मागे रेलला. पन्नास. साठ. एकसष्टला पडदा काळा झाला आणि सीपीयू फट्कन बंद पडला.

"हे होतं असं," तो म्हणाला. "पहिल्यांदा."

खोळ काढली, झाकण उघडलं, वायर दाबून बसवली, झाकण लावलं. सासूबाईंनी लगोलग खोळ चढवली. पुन्हा सुरुवात. पुन्हा साठ. पुन्हा काळोख.

"ड्राइव्हच खराब असेल का हो?" बायकोने विचारलं.

"नवी कोरी आहे. पेन ड्राइव्ह खराब असणार."

ऑफिसातल्या मित्राकडे धाव घेऊन तो नवा पेन ड्राइव्ह भरून घेऊन आला. येताना जिन्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. कुठल्या घरात काही अडलंय याचा वास त्यांना चपला घालायच्या आत लागायचा.

"मी काही बोलणार नाही," खुर्ची ओढून बसत मास्तर म्हणाले. "फक्त बघतो. कितीला बंद पडतं म्हणालात?"

"एकसष्टला."

"बघा, मी बोलत नाही म्हणून. पण रोज त्याच जागी ठेचकाळणारा माणूस आंधळा नसतो, तिथे खड्डा असतो."

खड्डा शोधायला रॅमची पट्टी बाहेर काढली. मास्तरांनी खोडरबर मागितला आणि तिच्या सोनेरी दातांवरून असा प्रेमाने फिरवला जणू नातवाचे दात घासताहेत. पट्टी बसली, झाकण बसलं, सासूबाईंनी खोळ चढवून झडपेची नाडी बांधली. आता चौघंही पडद्यापुढे. छप्पन्नला बायकोने नवऱ्याचं मनगट धरलं. साठला मास्तर उभे राहिले. एकसष्टचे बासष्ट झाले, सगळ्यांच्या तोंडून 'गे…' एवढंच बाहेर पडलं, आणि पडदा काळा झाला.

"एका टक्क्याची प्रगती आहे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मला चार वाजता कॉम्प्युटर हवाय."

"वहिनी, मग हे विजेचं आहे. दाब कमी पडतोय. बाकी सगळं बंद करा."

इंजिनीअरला हे एकदम पटलं. फ्रिज बंद. पाण्याचा पंप बंद. छताचा पंखा बंद. झाकण सारखं उघडतंय म्हणून आत धूळ जाऊ नये, तर खिडक्याही बंद. खोली कोंदट झाली. मास्तरांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. एवढ्या त्यागानंतर सिस्टीम पुढे जायलाच हवी होती. ती चाळीसला बंद पडली.

"रोग वाढला," मास्तर म्हणाले.

घड्याळात तीन वाजत होते. बायको वाकली, सीपीयूच्या मागची वायर चाचपायला तिने हात घातला, आणि तिचा तळवा खोळीवर टेकला. खोळ तापलेल्या पोराच्या कपाळासारखी लागत होती. तिने हात मागे घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर स्वतःच्या नखांकडे.

सासूबाई घोटभर पाणी प्यायला आत गेल्या तेवढ्यात ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"संशय होता," इंजिनीअर म्हणाला. "दुसऱ्या वेळी. खोळ काढताना बोट भाजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोल ना."

"आई तुमची आहे."

"सासू तुझी आहे."

दोघांनी मास्तरांकडे पाहिलं.

"मी परका माणूस," मास्तर म्हणाले. "आणि माझ्या छत्रीला त्यांनी खोळ शिवलीय. मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"सकाळपासून बसून शिवलीय हो तिने," इंजिनीअर पुटपुटला. "रिमोटच्या वेळी आठवतंय ना? दिवसभर खिडकीत."

आठवत होतं. म्हणूनच त्यांनी जे केलं ते चोरांसारखं केलं. इंजिनीअरने आत हाक दिली, "आई, सगळ्यांसाठी चहा टाकतेस? आलं किसून घाल, सावकाश." मास्तरांनी दार लोटून घेतलं. बायकोने नाडी सोडली, खोळ वर ओढली आणि घडी करून सोफ्याच्या उशीमागे सरकवली. पंखा लावला, खिडक्या उघडल्या. सीपीयूचं बटण दाबलं. पट्टी सरकू लागली.

वीस. चाळीस. कुणी श्वास घेईना. आतून आलं किसल्याचा आवाज येत होता आणि तो थांबू नये अशी तिघांची मनोमन इच्छा होती. पन्नास. साठ. एकसष्टवर पट्टी जरा रेंगाळली, आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. बासष्ट. चौसष्ट. सत्तर.

"गेली," इंजिनीअर आवाज दाबून म्हणाला. "पुढे गेली. अगं गेली."

त्याने बायकोला मिठी मारली, मग चुकून मास्तरांनाही. ऐंशीला दार उघडलं. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी ट्रे ठेवला, चष्मा सारखा केला आणि सीपीयूकडे पाहिलं.

"हे उघडं कशाला ठेवलंत?"

"आई, चहा मस्त झालाय," इंजिनीअर म्हणाला. त्याने कपाला हातही लावला नव्हता.

"खोळ कुठेय?"

"आलं भारी आहे," मास्तर म्हणाले.

सासूबाईंना उशीमागे फुगवटा दिसला. त्यांनी खोळ काढली, झटकली आणि सीपीयूवर धरली. एक कोपरा चढलासुद्धा. पट्टी ब्याऐंशीवर होती. इंजिनीअरने बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत विमा कचेरीतली सगळी नोकरी होती, म्हणजे जबाबदारी दुसऱ्या टेबलावर सरकवायची कला. बायकोने घड्याळ पाहिलं. ती भिंत पाहिली, जी सकाळी निवडली होती. आणि सासूबाईंच्या हातावर स्वतःचा हात ठेवला.

"आई, नका घालू."

"का गं?"

"तिच्यामुळेच बंद पडतंय. गुदमरतंय ते आत. सकाळपासून." मग एका दमात, थांबलं तर पुन्हा जमणार नाही अशा भीतीने ती म्हणाली, "खरं सांगू, या घरात कुठल्याच वस्तूला खोळ नको आहे."

पंखा फिरत राहिला. मास्तरांनी चहाचा घोट घेतला, गरम होता, तरी ते गिळून बसले. इंजिनीअर आईच्या चेहऱ्याकडे बघेना. सासूबाई खोळ हातात धरून हळूच सोफ्यावर बसल्या, आणि खिडकीकडे बघू लागल्या. हीच ती खिडकी.

"आई, मला तसं नव्हतं म्हणायचं," सून घाबरून म्हणाली.

"तसंच म्हणायचं होतं. बरं झालं म्हणालीस." सासूबाईंनी खोळ बाजूला ठेवली आणि बोटं चोळली. शिवून शिवून टोकं खरबरीत झाली होती. "लग्न होऊन आलीस तेव्हा मी रिमोटला खोळ शिवली होती. बिनकामाची बसले होते म्हणून. तू म्हणालीस, किती छान. मला वाटलं, हिला आवडतात. मग काय, शिवत राहिले."

"आणि मला वाटलं, तुम्हाला."

"तो रिमोटची फेकून आला ना, त्या दिवशी मी खिडकीत बसले होते. म्हटलं, सुटले बाई, आता नुसतं बसायचं. इतकं बरं वाटलं होतं." त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणि संध्याकाळी बघते तर तुम्ही झबलं परत चढवून ठेवलेलं."

झबलं. सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागे पट्टी शंभरला पोचली, पडदा उजळला आणि कॉम्प्युटरने नव्या मालकिणीचं नाव विचारलं. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई," इंजिनीअरने घसा खाकरला, "म्हणजे तुला शिवायला…"

"अजिबात आवडत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या टाक्यापासून."