निरीक्षकांच्या घरच्या तड्याची हकीकत

"बाबा, अवघ्या शहराच्या भिंतींना काचपट्ट्या लावत हिंडता, मग आपल्या स्वयंपाकघरातल्या तड्याला एक का लावत नाही?"

विघ्नहर्त्यास आणि पायापासून गच्चीपावेतो भिंत धरून उभ्या असणाऱ्या समस्त देवतांस नमन करून लिहिले जाते की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र मासी, हा सवाल भर जेवणात पिताश्रींचे तोंडावर टाकिला गेला. टाकिला आम्ही, आणि टाकावयास लाविला आमच्या मैत्रिणींनी. त्याचे कारण ऐसे की, आम्ही वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मारिला होता आणि तेणेकरून आमचे पाय जमिनीस लागत नव्हते, आणि वर्गात सर्वांनी आम्हांस 'सरकार' म्हणावे ऐसा हुकूम आम्हीच सोडिला होता. मग भेळेच्या गाडीवर मसलत बसली आणि केतकी शेडगे आमची जिवलग, ती बोलिली, "सरकार, स्टेजवर लई तोंड चालतं. घरी चालवून दाखवा की. विचार तुझ्या बाबांना, फ्रिजशेजारच्या तड्याचं काय? आमच्याकडं तडा दिसला तर नोटीस लागली. तुमच्याकडं दिसला तर कॅलेंडर लागलं." सगळ्या खदखदून हसल्या, आम्हीही हसलो.

पिताश्री अरविंदराव टेंबे हे आमच्या शहराच्या नगरपालिका दरबारी इमारत निरीक्षक. दर साली पावसाळ्याआधी त्यांची स्वारी निघे, डोईस हेल्मेट, हाती हातोडी, खांद्यास झोळी, आणि खांबाखांबावर हातोडी वाजवून कान लावीत, आणि जेथे शंका येई तेथे तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवीत आणि तीवर लाल रंगाने तारीख घालीत. काच शाबूत राहिली तर तडा निजलेला समजावा, आणि काच तडकली तर भिंत चालू लागली, घर धोकादायक, नोटीस लावून माणसे बाहेर काढावी, ऐसा त्यांचा शिरस्ता. मागले साली केतकीचे घर ऐसेच खाली करविले. तिची माणसे नदीपलीकडे मामाकडे राहावयास गेली, आणि ती दोन बस बदलून शाळेत येऊ लागली, आणि पहिला तास बहुधा तिच्यावाचूनच होई. आम्ही मात्र दरबारच्याच क्वार्टरमध्ये राहत होतो, आणि दरबारच्या इमारती तपासण्याची चाल नव्हती. वरिष्ठ साहेब म्हणत, "टेंबे, ती आपलीच आहे हो. कुठं पळून जातेय?"

असो. सवाल ऐकोन पिताश्रींचा घास हातीच राहिला. मातोश्री बोलिल्या, "पोळी घे, गार होतेय."

"आई, मी विचारलंय काहीतरी."

"कुणी शिकवलं हे?" पिताश्रींनी पुसिले.

"केतकीनं."

हे नाव ऐकताच पिताश्री तसेच उष्ट्या हाताने उठले, मग हात धुतला, आणि झोळी आणिली, आणि कॅलेंडर काढून तड्यावर काच चिकटविली आणि तारीख घातली. "झालं समाधान, सरकार?"

"झालं!" ऐसे आम्ही विजयी वीराप्रमाणे बोलिलो. मग रोज सकाळी दात घासण्याआधी आम्ही खासा जाऊन काच पाहावी, आणि काच शाबूत दिसावी, आणि भेळेच्या गाडीवर आम्ही जाहीर करावे की आमची भिंत निजली आहे. केतकी येवढेच म्हणे, "बरंय की."

ऐसे चालले असता एके सकाळी काच पाहिली, शाबूत होती, तारीख तीच होती, परंतु आकडे चकचकत होते आणि त्यांस वास येत होता, आणि तो वास आमच्या ओळखीचा होता, कारण ते आमचे नेलपॉलिश होते! आम्ही ऐसी आरोळी ठोकिली की दोघेही धावत आले. मातोश्रींनी पदराने हात पुशिले आणि बोलिल्या, "काल दुपारी तडकलेली दिसली. झोळीतली दुसरी लावली मी. यांचा लाल रंग सापडेना."

पिताश्री स्टुलावर बसले. "म्हणजे दुसऱ्यांदा तडकली," ऐसे बोलिले. "पहिली मी बदलली होती."

"तुम्ही? कधी?"

"तू देवळात गेली होतीस तेव्हा. म्हटलं, तुला कळायला नको."

"अहो, आणि मी तुम्हाला कळू नये म्हणून!"

तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहून हसले, आणि मग ते हसणे राहिले नाही. मातोश्री बोलिल्या, "हिची दहावी आहे. नोटीस लागली की क्वार्टर सोडायची, दुसरी एक रिकामी नाही. परवडेल ते घर नदीपलीकडंच मिळणार. येवढं वर्ष जाऊ द्या ना."

पिताश्री बोलिले, "शेडगेवहिनी हेच म्हणाल्या होत्या. साहेब, पोरीचं येवढं वर्ष जाऊ द्या. मी म्हणालो, वहिनी, भिंतीला शाळा कळत नाही."

"मग बरोबरच होतं की ते," आम्ही म्हणालो.

"बरोबरच होतं. तिथं राहिले असते तर मेले असते. पण त्या दारात रडत उभ्या होत्या आणि मी नोटिशीला खळ लावत बसलो. एकदा मान वर करून बघितलं नाही त्यांच्याकडं. बघायला पाहिजे होतं गं." आणि छताकडे पाहोन बोलिले, "वरती पवारांचं बाळ रांगायला लागलंय. रोज ऐकतो मी."

आम्हीही तेव्हा कान दिला. वर डबा की काहीतरी फरशीवर घरंगळले आणि मागून बाळ खिदळले. केतकीस सालभर कधी पुसिले नव्हते की सकाळी उठतेस किती वाजता, हे मनात आले आणि बहुत खंत वाटली.

तात्पर्य, ज्या निरीक्षकांनी दुसऱ्यांची घरे वेळेवर खाली करविली, त्यांस स्वतःचे घर खाली करावयास दोन काचा उशीर जाहला, आणि तो उशीर आमच्या मायेपोटी जाहला, म्हणोन तो मोडणेही आम्हांकडेच आले. मग आम्ही गॅस बंद केला आणि दोघांस समोर बसवून सांगितले, "आई, बाबा, माझं ठरलंय. नोटीस आजच लावायची. नदीपलीकडं घर बघा, मी केतकीबरोबर बसनं येईन, पहिला तास बुडला तर बुडला. आणि बाबा, वर पवारकाकूंकडं मीही येणार. तुम्ही खळ लावा. त्यांच्याशी मी बोलते."