म्हातारीची शर्यत

इंग्लंडमधल्या आमच्या डेव्हनमध्ये गाडीची पारख माझ्याइतकी कुणालाच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (बायकोला विचारू नका!) माझी सलून मोटार, म्हणजे आमची 'म्हातारी', वडिलांच्या काळची. लाकडी डॅशबोर्ड, सोफ्यासारख्या सीटा. चढावर धापा टाकते, उतारावर देव आठवायला लावते, पण खानदानी! उलट माझा मेहुणा पियर्स याची नवी स्पोर्ट्स कार. पिवळीधमक, पोट जमिनीला टेकलेलं. आत शिरायचं तर आधी लोळायला शिकावं लागतं! दोन माणसं आणि एक टूथब्रश, एवढीच तिची ऐपत.

"डेस्मंड, तुझं हे कपाट विकून टाक आता," पियर्स मला म्हणाला.

"कपाटात निदान माणसं मावतात!"

"मग होऊन जाऊ दे! रविवारी मेव्हिस मावशीकडे चहाला जायचंच आहे. तिच्या उंबरठ्याच्या आत ज्याचा पाय आधी पडेल, तो जिंकला."

"आणि डेस्मंड हरला, तर कपाट विकायचं," जिलियन म्हणाली. बायको माझी, पण बहीण त्याची ना!

रविवारी पियर्स डरकाळी फोडून दिसेनासा झाला. मागून आम्ही निघालो, वरातीच्या चालीने. जिलियनच्या मांडीवर ट्रायफल पुडिंगचं भांडं.

आमचे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंनी उंच कुंपणं असलेले बोळ. समोरून कुणी आलं, की एकाने मागे सरायचं. पियर्सच्या समोर टपालाची व्हॅन आली. तो सरला मागे. पण लोळत बसलेल्या माणसाला मागचं काय दिसणार? कॅमेरा होता, तो शेणाने माखलेला! चाक थेट चरात. त्याने मुद्दामच वाट करून दिली असं समजून टपालवाल्या बाईने रीतीप्रमाणे हात वर करून आभार मानले आणि ती निघूनही गेली.

आम्ही पोचलो तेव्हा पियर्स गाडीला लाथ मारत होता.

"इंजिन चालूच होत नाही! पडद्यावर येतंय, सेवाकेंद्राशी संपर्क साधा."

"मग साध की!"

"इथे रेंज कुठे आहे?"

मी आपला बाजूने पुढे निघालो, तर जिलियनने डोळे वटारले. "भाऊ आहे माझा!" शिवाय हरलेल्या शत्रूला दोरखंडाने ओढत दारात न्यायचं, ही संधी कोण सोडेल? बांधला दोर. म्हातारीने एक हुंकार दिला आणि त्या पिवळ्या वाघाला शेळीसारखं ओढत नेलं!

मेव्हिस मावशी किटली घेऊन आतच उभी होती. मी उतरलो, धावलो, दार उघडलं, पाय उचलला. मागे धापा ऐकू आल्या. आणि काय सांगू! लहानपणापासून अंगात भिनलेलं वळण उसळून आलं. मी दार धरून बाजूला झालो.

"आधी तू!"

"छे छे, आधी तू," पियर्स म्हणाला. वळण त्यालाही होतंच.

"नाही, नाही, माझा आग्रह आहे!"

माझा आग्रह त्याने मोडला नाही.

"पियर्स जिंकला!" मावशीने जाहीर केलं. "दूध घालू ना, डेस्मंड?"

गेल्या आठवड्यात म्हातारी विकली. गिऱ्हाईक? पियर्सच! म्हणतो, स्पोर्ट्स कार बाळगायची, तर तिला ओढायला घरात एक भरवशाची गाडी हवीच!