चौकात लागलेली नोकरी

बुधवारी दुपारी रणजितने घरच्या ग्रुपवर स्वतःचा एक फोटो टाकला. चूक म्हणायची तर त्याची तेवढीच. पुढचं सगळं बाकीच्यांनी प्रेमाने केलं.

फोटो बायोडाटासाठी काढलेला होता. निळा ब्लेझर, लाल टाय आणि स्टुडिओवाल्याने "थोडं हसा. एवढं नको," असं दटावून बसवलेलं हसू. रणजित कर्वेनगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. हडपसरच्या एका कंपनीची पहिली फेरी तो पास झाला होता आणि शुक्रवारी अकराला मुलाखत होती. फोटोखाली तो तसं लिहिणारही होता. पण तेवढ्यात मेसच्या काकू म्हणाल्या, "पोळ्या संपल्यावर येऊन तोंड पाडू नका." रणजित ताट घ्यायला पळाला, आणि फोटो खाली काही न लिहिता तसाच राहिला.

गुरुवारी सकाळी बहिणीचा, अपेक्षाचा फोन आला.

"दादा, तू चौकात लागलायस."

"लागलायस म्हणजे?"

"पंधरा बाय दहा. फुल कलर. तात्यांनी लावलाय. तुला जॉब लागला म्हणून."

"अगं, पण मला जॉब कुठं लागलाय अजून!"

यावर अपेक्षा म्हणाली, "हे बघ, ते तू तात्यांना सांग. माझ्याकडे आख्ख्या वर्गाने पार्टी मागितलीये, मला वेगळं टेन्शन आहे."

खोलीतला जोडीदार अभिनव ब्रश तोंडात धरून सगळं ऐकत होता. तो अमरावतीचा. ब्लेझरही त्याचाच, म्हणजे मूळचा त्याच्या भाऊजींच्या लग्नातला. सध्या मात्र तो अख्ख्या मजल्याची मालमत्ता होता. तोंड धुऊन अभिनव एवढंच म्हणाला, "कायले टाकला बे फोटो? आता भोग."

रणजित पहिल्या बसने लोणी काळभोरला, घरी निघाला. सोलापूर रस्त्यावर चौक आला तसा ड्रायव्हरच्या काचेतून आपलाच चेहरा त्याला आपल्या अंगावर येताना दिसला. वर लिहिलं होतं, 'नादच खुळा! लोणीचा ढाण्या वाघ चि. रणजितसाहेब यांची नामांकित कंपनीत उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' कंपनीचं नाव तात्यांना माहीत नव्हतं, म्हणून ती नामांकित. पद माहीत नव्हतं, म्हणून ते उच्च. खाली बत्तीस शुभेच्छुकांचे फोटो होते आणि मधोमध गॉगल लावलेले खुद्द दशरथतात्या, पुतण्यापेक्षा जेमतेम दोन बोटं लहान.

तात्या फ्लेक्सखालीच खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते.

"आलं साहेब! चहा सांगा रं!"

"तात्या, मला नोकरी लागली असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? डोळं हायत की मला. कोट घातलास का न्हाय? टाय लावलास का न्हाय? आरं, आपल्या सात पिढ्यांत कोट कुणी घातलाय? माझ्या लग्नात मी सफारीवर भागवलं. बिननोकरीचा माणूस कोट घालंल कशाला?"

या तर्कापुढे इंजिनिअरिंगची चार वर्षं फिकी पडली. तरी रणजितने आवाज खाली आणून सांगितलं, "तात्या, मुलाखत उद्या आहे. हा फ्लेक्स उतरवा."

तात्यांचा चेहरा जरासा उतरला, पण फ्लेक्स उतरायची काही चिन्हं दिसेनात. "बत्तीस फोटो हायत त्याच्यावर," ते हळूच म्हणाले. "त्यो कोपऱ्यातला कोंडीरामआबा बघितलास? एकाहत्तर वय झालं, पहिल्यांदाच फ्लेक्सवर आलाय. सकाळधरनं चार वेळा बघून गेला. आता त्याला काय सांगू, तुझा फोटो चुकून लागला?"

"मग करायचं काय?"

"शनिवारपतोर जागा आपली हाय. मग वाढदिवसाचा लागतोय. तू उद्या नोकरी मिळव, म्हंजे मिटलं."

जणू काही मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणायला सांगावं, तसं सांगितलं तात्यांनी.

घरी तर वेगळीच धमाल. आई, सरुबाई, दारातच उभी होती. नवं लुगडं, हातात पेढ्यांचं ताट. रणजितला बघून ती हसली आणि लगेच रडली. "अख्ख्या आळीला वाटलं बघ," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतली ती, 'शिकून काय दिवं लावणार हाय' म्हणत हुती ना, तिला दोन दिलं." इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे पेढे खाऊन आलेली बाई. तिला खरं सांगायला रणजितचं तोंड उघडलं आणि तिने त्यात पेढा घातला.

वडील, भैरूआप्पा, ओसरीवर पंपाचा स्टार्टर उघडून बसले होते. आईने त्यांच्यापुढे ताट धरलं. त्यांनी पेढा उचलला, मुलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "दात ठणकतोय. मागनं खाईन." कागदाच्या तुकड्यात तो गुंडाळून खिशात टाकला आणि पुन्हा स्टार्टरमध्ये डोकं घातलं. रणजितला वाईट वाटलं. आप्पांनी कधी पाठ थोपटली नव्हती. आज खोट्या नोकरीची तरी थोपटतील, अशी त्याला कुठेतरी आशा होती.

निघेपर्यंत कोंडीरामआबा नातवाला घेऊन आले. "आमच्या योगेशलाबी चिकटव कुठंतरी. तुझ्या हाताखाली चालंल." रणजित "बघतो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आता नोकरी मिळाली नाही तर आपण एकटेच नापास होणार नाही, आई होणार, तात्या होणार आणि कोपऱ्यातले कोंडीरामआबाही होणार, हे त्याला बसमध्ये नीट कळलं.

शुक्रवारी अकराला मुलाखत सुरू झाली. समोर शेफाली मॅडम आणि रंगनाथ सर असे दोघे. रंगनाथ सर सदाशिव पेठेतले असावेत, कारण त्यांनी "बसा" म्हणतानाही उपकार केल्यासारखं म्हटलं. शेफाली मॅडम मात्र बायोडाटावरचा फोटो आणि रणजितचा चेहरा आळीपाळीने बघत राहिल्या.

"तुम्ही लोणीचे?"

"हो मॅडम."

"चौकातले?"

रणजितने टायची गाठ उगाच सारखी केली.

"मी तुमच्या पुढच्याच टाउनशिपमध्ये राहते," मॅडम म्हणाल्या. "काल संध्याकाळी त्या चौकात पंचवीस मिनिटं अडकले होते. वाचायला दुसरं काही नव्हतं. अभिनंदन! पण नामांकित कंपनीत उच्च पद मिळालेलं असताना आमच्याकडे कशासाठी आलात?"

"नोकरी हातात ठेवून इथे फिरायला येणाऱ्यांना आम्ही चहा देऊन वाटेला लावतो," रंगनाथ सर म्हणाले. "चहाचंही नक्की नाही."

घ्या! काल दिवसभर नोकरी आहे म्हणून हसत होता, आज ती नाही म्हणून पटवायची पाळी आली. रणजितने कोट, तात्या, तर्क, बत्तीस फोटो, सगळं भडाभडा सांगून टाकलं. सांगताना त्यालाच ते थापेसारखं वाटायला लागलं.

"कथा छान आहे," रंगनाथ सर म्हणाले. "पुरावा?"

पुरावा कसला देणार? नोकरी असल्याचं पत्र मिळतं, नसल्याचं कोण देतं? घाम पुसायला रणजितने रुमालासाठी ब्लेझरच्या खिशात हात घातला, तर हाताला एक चिठ्ठी लागली. अभिनवची. पुण्यात चार वर्षं राहून अमरावतीच्या त्या भल्या मुलालाही सूचना लिहायची सवय लागली होती. रणजितने ती चिठ्ठी निमूटपणे मॅडमच्या पुढे सरकवली. "मॅडम, नोकरी असती तर ब्लेझर तरी स्वतःचा असता."

मॅडमनी मोठ्याने वाचलं, "'बुधवार, रणजित, फोटोपुरता. गुरुवार, साई. शुक्रवार, रणजित, मुलाखत. दुपारी दोनच्या आत परत. बाह्या आखूड आहेत, हात पुढे करू नये. घाम आल्यास ब्लेझर काढून हातावर धरावा.'"

"मग काढा की," रंगनाथ सर म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू आहे."

रणजितने ब्लेझर काढून हातावर धरला. शेफाली मॅडमनी हसू आवरायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, पण जमलं नाही. ठसका थांबल्यावर त्या म्हणाल्या, "ब्लेझर मित्राचा, नोकरी काकांनी दिलेली. यात तुमचं स्वतःचं काय आहे?"

"प्रोजेक्ट माझा आहे मॅडम."

हे तो इतक्या पटकन म्हणाला की रंगनाथ सरांनीही मान वर केली. मग रणजित बोलत सुटला. विहिरीतलं पाणी खाली गेलं तरी पंप कोरडाच फिरत राहतो आणि जळतो, म्हणून त्याने मोबाइलवर सांगणारं आणि वेळेत पंप बंद करणारं एक यंत्र बनवलं होतं. ते घरच्याच विहिरीवर बसवलं होतं. सरांनी तिरके प्रश्न विचारले, त्याने सरळ उत्तरं दिली. अर्धा तास तो फ्लेक्स विसरूनच गेला.

"चालतं का पण?" सरांनी शेवटी विचारलं.

"वडिलांनी चार वेळा नापास केलं सर. एकदा तर उपटून आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं."

"आणि पाचव्यांदा?"

"'चालतंय' म्हणाले. त्यांच्याकडे त्याहून जास्त मार्क नसतात."

"कळवतो," रंगनाथ सर म्हणाले. चहा मात्र आला. रणजितने त्यातून काय काय अर्थ काढले, ते त्याचं त्यालाच माहीत.

शनिवार कोरडा गेला. रविवारी तात्यांनी मारुतीच्या देवळापुढे सत्कार ठेवला होता. टॉवेल, टोपी, नारळ आणि माइक. रणजितने मनाशी ठरवलं, बास झालं, आता खरं सांगायचंच. तो उभा राहिला आणि म्हणाला, "खरं तर मी अजून काहीच मिळवलेलं नाही."

टाळ्या पडल्या.

"नाही, खरंच. माझी अजून कुठेही निवड झालेली नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोंडीरामआबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "एवढा मोठा साहेब झाला, पण पाय बघा, जमिनीवर हायत." तात्यांनी घाईघाईने त्याच्या हातातला माइक काढून घेतला. पाठीमागच्या पारावर आप्पा बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, नुसते मुलाकडे बघत होते.

मंगळवारी दुपारी मेल आला. रणजितने तो तीन वेळा वाचला, चौथ्यांदा अभिनवकडून वाचून घेतला. निवड झाली होती! परीक्षा संपली की एक जुलैला रुजू. अभिनवने त्याला उचलून फिरवला आणि मग "आता ब्लेझर शिव एक," असं बजावून खाली ठेवला. आप्पांना फोन लावला तर तो नेहमीप्रमाणे बंद. रणजित पेढ्यांचा पुडा घेऊन बसमध्ये चढला. चौकात आता भलत्याच कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, पण आज त्याला त्याचं काही नव्हतं.

"आई! नोकरी लागली!" तो दारातूनच ओरडला.

आई तांदूळ निवडत होती. "मंग?" ती म्हणाली. "गुरुवारीच न्हाय का वाटलं पेढं? आन् हे अजून कशाला आणलंस? आळीत कुणी खाणार न्हाय आता."

तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हां, हां. म्हंजे दुसरी लागली? बढती हाय का? बढतीचा टाकू की मोठा!"

"नाही तात्या, तीच. पहिलीच."

"मंग ते झालंय आपलं," तात्या म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

हातात पुडा घेऊन रणजित अंगणात उभा राहिला. आयुष्यातली पहिली नोकरी, आणि ती गावात शिळी झालेली. अपेक्षाने तेवढा एक पेढा घेतला, तोही अभ्यासातून डोकं वर न काढता.

आप्पा गोठ्यात होते. गोठ्याच्या पत्र्यावर पावसाची सोय म्हणून तात्यांचा फ्लेक्स उलटा अंथरला होता. पत्र्याच्या कडेने खाली लोंबणाऱ्या भागात ढाण्या वाघाचं निम्मं तोंड दिसत होतं आणि म्हैस त्याखाली निवांत रवंथ करत होती.

"आप्पा," रणजित म्हणाला, "नोकरी लागली."

आप्पांनी हातातली वैरण खाली ठेवली. हौदावर जाऊन हात धुतले, खांद्यावरच्या टॉवेलला पुसले. मग कोनाड्यात हात घालून कागदाची एक पुडी काढली. आत गुरुवारचा पेढा होता.

रणजित बघतच राहिला. "तुमचा दात दुखत होता ना?"

"दाताला काय धाड भरलीया?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"फ्लेक्सवर कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर चालल्या हुत्या तुझ्या. आन् नोकरी लागली असती तर तू गुरपवर फोटू टाकत बसला असतास व्हय? आधी मला फोन लावला असतास."

"फोन बंद असतो तुमचा."

"तरी लावला असतास."

ते खरंच होतं. रणजितने पुडा हौदाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझी आई किती वर्सांनी आळीतनं मिरवत हुती, तिला कुठं आडवू?"

"आणि नसती लागली तर?"

"मंग ठिवला असता आणि थोडं दिस. पेढ्याला काय हुतंय?"

आप्पांनी पेढा तोंडात टाकला. पाच दिवसांत तो चांगलाच कडक झाला होता. चावताना त्यांची एक भुवई वर गेली. त्यांनी तो सावकाश संपवला, कागदाला चिकटलेली चिमूटभर साखर बोटाने पुसून खाल्ली आणि पुन्हा वैरणीकडे वळताना म्हणाले, "चालतंय."