श्रेप्फरचं पिवळं यंत्र

माणसाचा जीव बिअरपेक्षा मोलाचा आहे, याबद्दल ओबरहाइड गावात कधीही दुमत नव्हतं. फक्त केर्वाच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, तोंडावर कुणी हा विषय काढू नये, एवढंच गावाचं म्हणणं होतं.

गुंडोल्फ श्रेप्फरला तो नेमका केर्वाच्या तोंडावर काढावा लागला. गावच्या ब्रुअरीत परत आलेल्या रिकाम्या बाटल्या मोजून घेणं हे त्याचं काम. बाटल्यांची त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण वर्षभरापूर्वी मालकीण क्रेसेन्झबाईंनी "आपला सुरक्षा अधिकारी कोण होणार?" असं सगळ्यांना विचारलं, तेव्हा गुंडोल्फ दाढ काढायला गेला होता. तो परतला तोवर त्याची एकमताने निवड झाली होती, आणि जबडा बधिर असल्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.

वर्षभर त्याने कुणालाही त्रास न देता हे पद सांभाळलं. मग कामगार सुरक्षेच्या कार्यालयातून फोन आला. निरीक्षक फ्राउ टायलाकर येत्या गुरुवारी ब्रुअरीतले धोके तपासणार होत्या, आणि इथे 'सुरक्षेची संस्कृती' कितपत रुजली आहे तेही पाहणार होत्या. बिअर आंबताना जो कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो तो तळघरात मर्यादेपेक्षा जास्त सापडला, तर तळघराला सील. आणि तळघरात केर्वाची बिअर मुरत होती. जत्रेला दोन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवसापासून गुंडोल्फला रस्त्याने चालणं मुश्कील झालं. बेकरीणबाई पाव बांधता बांधता म्हणाली, "तळघराचं बघतोयस ना रे?" पाद्रीबाबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हो. म्हणजे तळघरासाठी." बायकोने तर सरळ व्यवस्थाच लावली.

"सील लागलं तर आपण माझ्या बहिणीकडे जाऊ," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"कायमचं. इथे तोंड दाखवणार आहेस का?"

तिची बहीण दूर बर्लिनला, परक्या मुलखात राहत होती. गुंडोल्फ त्याच संध्याकाळी तालुक्याला जाऊन वायू मोजायचं यंत्र घेऊन आला. ते पिवळं होतं, कमरेला अडकवायचं होतं, आणि हवेत अर्धा टक्का वायू झाला की कोकलणारं होतं.

ते पाहून बिअर गाळणारे वस्ताद, इग्नाट्स प्फ्लाउम, यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वस्ताद तळघरात आजवर मेणबत्ती घेऊन उतरत आले होते.

"मेणबत्ती विझली की वर यायचं," वस्ताद म्हणाले. "माझे आजोबाही असंच करत."

"आजोबांना पुढे काय झालं, वस्ताद?"

"तळघरातच गेले बिचारे." वस्तादांनी मेणबत्तीची वात सरळ केली. "पण त्या वर्षीची बिअर अशी उतरली म्हणून सांगू!"

गुंडोल्फने मेणबत्ती जप्त केली. वायू बाहेर ओढणारा पंखा रात्रंदिवस चालू ठेवला. तळघराची हवा चुकूनही इमारतीत इतरत्र शिरू नये म्हणून त्याने प्रत्येक खोलीच्या दाराला रबरी पट्टी ठोकली आणि "दार घट्ट बंद ठेवा" अशी पाटी लावली. बैठकीच्या खोलीच्या दाराला तर दोन पट्ट्या ठोकल्या, कारण तिथे निरीक्षकबाई बसणार होत्या.

गुरुवारी फ्राउ टायलाकर आल्या. किडकिडीत बाई, हातात पेटी, पेटीत सील लावायची लाल-पांढरी फीत. गुंडोल्फला ती फीतच तेवढी दिसली. सगळे तळघरात उतरले. बाईंनी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन हवा मोजली, पिंपांच्या मागे मोजली, जमिनीलगत वाकून मोजली. यंत्र गप्प. गुंडोल्फच्या पाठीवरून घामाची एक धार सुरू झाली होती, ती अर्ध्यात थांबली.

"छान," बाई म्हणाल्या. "अशी स्वच्छ हवा तळघरात मी पहिल्यांदाच पाहतेय. आता संस्कृती बघू. सगळ्यांना बोलवा."

ब्रुअरीतली अठराच्या अठरा माणसं बैठकीच्या खोलीत येऊन बसली. खोली जुनी, छत ठेंगणं, लाकडी बाकं भिंतीला टेकलेली. एक खिडकी किलकिली होती. तिच्याजवळ ऑफिसातली बाबेट्टे बसली आणि बसल्याबरोबर तिने गळ्याशी हात नेला.

"कुणीतरी खिडकी लावा गं बाई! वारं लागतंय."

ओबरहाइडात माणूस उकळत्या हंड्यात पडून वाचू शकतो, पण मानेला वारं लागलं की संपलाच, यावर सर्वांची श्रद्धा आहे. तिघे जण एकदम उठले. खिडकी लागली. दार तर नियमाने बंद होतंच; गुंडोल्फने ते स्वतः दाबून पाहिलं.

"सुरक्षेची संस्कृती म्हणजे काय?" बाईंनी सुरुवात केली. "म्हणजे धोका दिसला की तो मोकळेपणाने बोलून दाखवणं. तर सांगा, तुम्हाला इथे कुठले धोके वाटतात?"

बाईंनी वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी बराच विचार केला.

"चाललंय," ते म्हणाले.

या भागात एवढं बोलणं पुष्कळ समजतात. लग्नाच्या मागणीला होकारसुद्धा याच शब्दात देतात. पण बाई उत्तरेकडच्या होत्या.

"असं चालणार नाही. प्रत्येकाने एक तरी धोका सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

अर्धा तास कुणी हललं नाही. लोक जांभया देऊ लागले. बाईंनी "सुरक्षेविषयी अनास्था" असं टिपून घेतलं, आणि ते वाचून दाखवलं. गुंडोल्फला बर्लिन दिसू लागलं.

"अरे, बोला की कुणीतरी!" तो कळवळून म्हणाला. "एरवी माझ्या बाटल्यांवरून केवढी तोंडं सुटतात तुमची!"

"मी बोलते," बाबेट्टे म्हणाली. "वाऱ्याचा झोत. माझी मान बघा, इकडे वळते, तिकडे वळत नाही."

"त्याला मी साक्षी आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "अठ्ठ्याण्णव सालापासून वळत नाही."

मग मात्र बांध फुटला. ज्याला त्याला मान होती. कुणाचा सासरा झोतामुळे बहिरा झाला होता, कुणाची गाय. एकाने सांगितलं की वस्ताद ओल्या फरशीवर बूट घालून नाचतात. वस्ताद उसळून म्हणाले, "मी नाचत नाही, घसरतो!" सगळे एकमेकांवर ओरडू लागले. बाईंचे गाल लाल झाले, डोकं जड झालं, पण लेखणी भराभर धावत होती. संस्कृती जोरात रुजत होती.

तेवढ्यात गुंडोल्फच्या कमरेला यंत्र कोकलू लागलं.

खोलीत एक क्षण कुणी श्वास घेतला नाही, आणि खरं म्हणजे तेच बरोबर होतं.

"तळघर फुटलं!" वस्ताद ओरडले. "माझी बिअर!"

"बाहेर! सगळे बाहेर!" गुंडोल्फने दार उघडलं. माणसं अंगणात धावली. मालकीणबाईंनी धापा टाकत अग्निशमन दलाला फोन लावला.

दुसऱ्याच मिनिटाला अंगणातले नऊ पेजर एकदम वाजू लागले. कारण ओबरहाइडचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं, आणि स्वयंसेवक बहुतेक ब्रुअरीतलेच. कप्तान स्वतः वस्ताद. नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं, पेजर बंद केले आणि स्वतःला वाचवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, बंबाच्या शेडकडे धूम ठोकली.

"हे कुठे चालले?" बाईंनी विचारलं.

"येतील," मालकीणबाई म्हणाल्या. "गणवेश घालून येतील."

पाऊण गावाने भोंगा ऐकला. बंब ब्रुअरीच्या दिशेने गेलेला पाहून लोकांनी काय समजायचं ते समजलं. बेकरीणबाई दोन बादल्या घेऊन धावत आली. बादल्या रिकाम्या होत्या. तिच्यामागून पाद्रीबाबा आले. त्यांच्या हातात बिअरचा जग होता.

वस्ताद तोंडावर मुखवटा आणि पाठीवर हवेचं नळकांडं बांधून आत गेले. बाहेर गुंडोल्फ भिंतीला टेकून उभा होता. त्याची बायको गर्दीतून त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत सामान बांधायला घेतलेलं दिसत होतं.

वस्ताद परतले. मुखवटा वर केला.

"तळघर स्वच्छ," ते म्हणाले. "पंखा चालू. बिअर झोपलीय."

"मग दळणाची खोली?" बाईंनी विचारलं.

"स्वच्छ. हंड्याची, बाटल्यांची, सगळ्या स्वच्छ."

"मग वायू आहे तरी कुठे?"

"बैठकीच्या खोलीत. मर्यादेच्या वर."

"पण तिथे कुठून आला?"

गुंडोल्फ हळूच म्हणाला, "बाई, आपण दीड तास आत होतो. खिडकी बंद, दार बंद. दाराला पट्ट्या मीच ठोकल्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे आपणच केला. श्वास घेऊन."

"मी फारसा घेतला नाही," वस्ताद म्हणाले.

फ्राउ टायलाकरांनी लाल-पांढऱ्या फितीकडे पाहिलं. नियमात तळघर किंवा बैठक असा भेद नव्हता; मर्यादा ओलांडली की सील, एवढंच होतं. त्यांनी आपल्या हातांनी बैठकीच्या खोलीला सील ठोकलं. गर्दीतून समाधानाचा सुस्कारा निघाला. गुंडोल्फच्या बायकोने येऊन त्याची कॉलर सरळ केली. तिच्याकडून हे फार झालं.

"तरीपण संस्कृतीचं काय?" बाई म्हणाल्या. "आज कुठे तुम्ही बोलायला लागलात. केर्वापर्यंत रोज सुरक्षेची बैठक झाली पाहिजे. सगळ्यांनी हजर राहायचं."

"पण खोलीला तर सील आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "बसायचं कुठे?"

"जिथली हवा चांगली असल्याचं मी आज लिहून दिलंय, तिथे."

बाईंनी कागद पाहिला. चांगली हवा त्यांनी एकाच जागेची लिहून दिली होती.

शुक्रवारपासून बैठका तळघरात सुरू झाल्या. लाकडी खोक्यांवर माणसं गोल करून बसत. बाबेट्टे पंख्याच्या भीतीने दोन मफलर गुंडाळून येई, पण येई. सुरुवातीला कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा वस्ताद म्हणाले, कोरड्या घशाने बसवून माणसाला बोलायला लावणं हाच मुळात धोका आहे. सुरक्षा अधिकारी म्हणून गुंडोल्फला हे मान्य करावं लागलं. वस्तादांनी पिंपाची छोटी तोटी सोडली. मग लोक बोलू लागले. ओल्या फरशीबद्दल बोलले, तुटक्या शिडीबद्दल बोलले, मालकीणबाईंच्या गाडी चालवण्याबद्दल तर त्यांच्यासमोरच बोलले. शिडी दुरुस्त झाली. फरशीवर खरखरीत पट्टे आले. रजेवर असलेली माणसंसुद्धा बैठक चुकवीनात. दुसऱ्या आठवड्यात अग्निशमन दलातले बाहेरचे चौघे आणि पाद्रीबाबा पाहुणे म्हणून येऊ लागले, आणि एका बैठकीत तीन तास चर्चा होऊ लागली.

केर्वाच्या आदल्या दिवशी फ्राउ टायलाकरांचा फोन आला. एवढी स्वयंस्फूर्त उपस्थिती त्यांनी आपल्या नोकरीत कुठेही पाहिली नव्हती. ओबरहाइडचा कित्ता इतर कारखान्यांनी गिरवावा असं त्या कार्यालयाला कळवणार होत्या. गुंडोल्फने पहिल्यांदाच छाती काढून गावातून एक फेरी मारली.

केर्वा सोमवारपर्यंत असते. बिअर शनिवारीच संपली.